फोन त्यांच्याच हातात राहू द्या

2025 च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा आमच्या गावच्या सेवा केंद्रासमोर सकाळी सातपासून रांग लागायची. केंद्र उघडायचं दहाला. त्या रांगेतल्या एक मावशी मला चांगल्या आठवतात. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, वाळवून त्यात फोन गुंडाळलेला, सोबत लॅमिनेशन सुटलेलं आधारकार्ड. त्यांचा नंबर आला. केंद्रातल्या पोराने आधार क्रमांक टाकला आणि म्हणाला, ‘‘मावशी, ओटीपी सांगा.’’ मावशींनी पिशवीतून फोन काढला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. फोनवर काहीच आलेलं नव्हतं. येणार कुठून? आधारला जोडलेला नंबर मुलाचा. मुलगा चाकणला कंपनीत पहिल्या शिफ्टला, आणि त्याचा फोन गेटवर जमा. दुपारी साडेतीनला त्याचा फोन लागला, तोवर सर्व्हरने मान टाकली होती. दुसरा ओटीपी नवऱ्याच्या आधारचा लागत होता. त्यांचा नंबर रिचार्ज न केल्यामुळे कधीच बंद पडला होता. दीड हजारांच्या हप्त्यासाठी मावशींनी तीन दिवसांची खुरपणीची मजुरी बुडवली.

गावाला डिजिटल करायचं म्हटलं की पहिल्यांदा संगणक, टॅब, प्रोजेक्टर असल्या खरेदीच्या याद्या निघतात. मावशींना यातलं काहीही दिलं असतं तरी त्यांचं काम झालं नसतं. म्हणून तुम्ही तुमच्या गावात, वाडीत, सोसायटीत किंवा वॉर्डात लोकांना मोबाईल-इंटरनेट वापरायला शिकवण्याचं मनावर घेतलं असेल, तर खरेदीआधी एक चाळीस पानी वही घ्या.

त्या वहीत पंधरा-वीस घरांची माहिती लिहायची. घरात फोन किती, त्यातले टचचे किती, साधे किती. कोणता फोन कोण वापरतं. सिम कोणाच्या नावावर आहे. आधारला, बँकेला आणि गॅसला कोणता नंबर दिलाय. रिचार्ज कोण मारतं आणि संपल्यावर किती दिवस तसाच राहतो. घरात कोणाला मराठी वाचता येतं आणि कोणाला फक्त आकडे ओळखता येतात. शेवटचा प्रश्न: मोबाईलवरचं कोणतं काम तुम्हाला दुसऱ्याकडून करून घ्यावं लागतं? या एका प्रश्नाच्या उत्तरांतून तुमचा सगळा अभ्यासक्रम तयार होतो. आधार क्रमांक, खातं क्रमांक मात्र वहीत लिहायचे नाहीत. ‘जोडलेला आहे, नाही, माहीत नाही’ एवढंच पुरे.

आम्ही ही वही भरली तेव्हा निम्म्याहून जास्त घरांत उत्तर ‘माहीत नाही’ असंच आलं. आधारला नंबर जोडलेला आहे की नाही हे आधारच्या संकेतस्थळावर तपासता येतं. नंबर बदलायला बहुतेक जण आधार केंद्रात जातात. तालुक्याला जाणं म्हणजे दिवस मोडतो. पण एक सोय बऱ्याच जणांना ठाऊक नसते. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत 2021 पासून पोस्टमनही ठरलेलं शुल्क घेऊन आधारमधला मोबाईल नंबर बदलून देतात. तुमच्या पोस्टमास्तरांना जाऊन भेटा, त्यांच्याकडे यंत्र आणि प्रशिक्षित पोस्टमन आहे का विचारा, आणि चाळीस-पन्नास नावं तयार ठेवून एक दिवस ठरवून घ्या. एकेकट्याने गेलं की ‘नंतर या’ ऐकावं लागतं, यादी घेऊन गेलं की तारीख मिळते. नंबर त्या माणसाच्या स्वतःच्या हातातला असावा आणि तो जिवंत ठेवावा. बरेच दिवस रिचार्ज नसलेला नंबर कंपनी बंद करते, पुढे तो दुसऱ्या कोणाला देते, आणि तुमच्या बँकेचे मेसेज तिकडे जाऊ लागतात. ज्यांना नेट लागतच नाही अशा साध्या फोनवाल्यांना आता फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक मागता येतो. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना तसा पॅक ठेवायला भाग पाडलं. दुकानदार आपणहून दाखवत नाही, नाव घेऊन मागावा लागतो.

हे काम कंटाळवाणं आहे. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही, फीतही कापता येत नाही. पण फीत कापलेल्या गावांचं काय झालं तेही आपण पाहिलंय. मेळघाटातलं हरिसाल 2016 साली राज्यातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. 2019 च्या निवडणुकीत ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत त्याच गावाचं चित्र सभांच्या पडद्यावर झळकलं. मुरबाडजवळचं धसई नोटबंदीनंतर लगेच, डिसेंबर 2016 मध्ये, राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. घोषणा गाजल्या, सवय रुजली नाही. त्या गावांतल्या लोकांचा यात काही दोष नाही. यंत्र येतं ते एका दिवसात. सवय लागायला वर्ष जातं, आणि त्या वर्षभरात शेजारी बसायला कोणीतरी लागतं.

आता जागा. शाळेची संगणक खोली सगळ्यांना सुचते, पण आमचा अनुभव वाईट आहे. चाळीशीच्या पुढच्या माणसाला बाकावर बसवलं की तो विद्यार्थी होतो, आणि परत येत नाही. लोक जिथे तसेही येतात तिथेच जावं. सकाळ-संध्याकाळचं दूध संकलन केंद्र, सोसायटीचं रेशन दुकान, देवळाचा सभामंडप, बचत गटाची महिन्याची बैठक. माझी पहिली पसंती मात्र गावच्या सार्वजनिक वाचनालयाला. महाराष्ट्रात 1967 पासून ग्रंथालयाचा स्वतंत्र कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयं दहा हजारांच्या वर आहेत. बहुतेक ठिकाणी दुपारी पंखा, टेबल, चार खुर्च्या आणि पेपर चाळणारे दोन पेन्शनर एवढंच असतं. म्हणजे जागा आहे, वीज आहे, कुलूप-किल्ली सांभाळणारा माणूस आहे. अजून काय लागतं?

वेळ बायकांना विचारून ठरवा. आम्ही पहिल्यांदा हौसेने संध्याकाळी साडेसहा ठेवली. ती धारांची वेळ, चुलीची वेळ. चार पुरुष आले, त्यातले दोघे क्रिकेटचा स्कोअर बघायला. मग दुपारी दोन ते चार केली. जेवणं उरकलेली, जनावरं अजून परतायची. पहिल्याच दिवशी अकरा जणी आल्या. एका वेळी पाच-सहांहून जास्त माणसं घेऊ नयेत हेही त्याच दिवशी कळलं.

नेटचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीत जाऊन भिंतीवरची पेटी बघा. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची केंद्राची योजना 2011 साली मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पुष्कळ ग्रामपंचायतींत तिचं यंत्र बसलेलं आहे. ते चालू आहे का, दिवा लागतोय का, बंद असेल तर तक्रार कधी केली, हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला रेंज नसते. वाचनालयात वेगळं ब्रॉडबँड घेणार असाल तर राउटरसाठी छोटी बॅटरी जरूर घ्या. खर्च हजार-दोन हजारांचा, पण लोडशेडिंगच्या गावात तिच्याशिवाय वर्ग चालत नाही. एखाद्या दुकानदाराला पाच-दहा रुपयांत वाय-फाय विकायची हौस असेल तर त्याला 2020 च्या पीएम-वाणी योजनेबद्दल सांगा. त्यासाठी त्याला परवाना काढावा लागत नाही.

आता शिकवण्याकडे येतो. माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती फिरतं.

शिकवणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. अगदी खरोखरचे. आमच्याकडे बारावीच्या सुट्टीतल्या चार मुली मदतीला होत्या. हुशार, चटपटीत. आजीने ‘हे बघ गं काय झालंय’ म्हणून फोन पुढे केला की मुलगी तो घ्यायची, अंगठे टकटक चालवायची आणि दहा सेकंदांत परत करायची. ‘‘झालं आजी.’’ आजी खूश, मुलगी खूश. दुसऱ्या दिवशी आजी त्याच कामासाठी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवसापासून नियम केला की फोन ज्याचा त्याच्याच हातात राहील. मदतनीसाने बोलायचं, बोटाने दाखवायचं, पण काचेला हात लावायचा नाही. एका मुलीला ते इतकं जड गेलं की ती ओढणीने स्वतःचे हात बांधून घ्यायची. वेळ साठपट लागतो. दहा सेकंदांचं काम दहा मिनिटं चालतं, मागची रांग चुळबुळते, आणि आपला जीव वरखाली होतो. त्या दहा मिनिटांत बोटांना जे कळतं ते मात्र नुसतं बघून कधीच कळत नाही.

हात मागे गेले की आणखी एक होतं. माणूस नेमका कुठे अडतो ते दिसायला लागतं. मला वाटायचं, लोक इंग्रजीमुळे अडतात. बघितलं तर पहिली अडचण बोटाची होती. शेतात राबलेला हात प्रत्येक गोष्ट जोर लावून करतो. स्क्रीनवर तो अंगठा रोवून दाबतो आणि थांबतो. फोनला वाटतं, बराच वेळ दाबलंय, म्हणजे चिन्ह हलवायचंय. चिन्ह थरथरतं, सरकतं, कधी गायब होतं. माणूस घाबरतो आणि आणखी जोरात दाबतो. म्हणून आमचा पहिला धडा एकाच वाक्याचा: ‘‘दाबू नका, टिचकी मारा.’’ कॅरमची सोंगटी मारतो तेवढीसुद्धा नको, आमटी गरम आहे का बघायला बोट लावतो तेवढीच. हे सांगितल्यावर एक आजोबा हसले आणि म्हणाले, ‘‘एवढंच होतं होय? मी म्हटलं, माझा फोनच बिघडलाय.’’ दोन वर्षं ते तो फोन फक्त उचलायला वापरत होते.

भेगाळलेल्या बोटांचा दुसरा त्रास अंगठा उमटत नाही हा. आधीच्या दिवशी हातांना तेल लावून, दुसऱ्या दिवशी बोट स्वच्छ धुऊन, पुसून लावलं तर पुष्कळदा उमटतं. नाहीच उमटलं तर चेहऱ्याने किंवा ओटीपीने होतं का ते विचारावं.

दुसरा धडा परत यायचा. चुकून कुठेतरी गेलो तर मागे कसं यायचं हे कळलं की भीती निम्मी होते. आम्ही मुद्दाम भलत्याच ठिकाणी जायला सांगतो. सेटिंगमध्ये जा, कुठलंही चिन्ह उघडा, हरवा, आणि आता बाहेर या. पंधरा मिनिटं हाच खेळ. तिसरा धडा अक्षरं मोठी करण्याचा. सेटिंगमध्ये अक्षराचा आकार वाढवला की अर्ध्या लोकांना लिहिलेलं दिसायला लागतं. त्यांना आत्तापर्यंत आपण ‘वाचता येत नाही’ म्हणून बाजूला काढलेलं असतं. आम्हीही काढलं होतं.

फोनची भाषा मराठी करावी का, यावर माझं मत थोडं बदललं आहे. सुरुवातीला मी सरसकट सगळ्यांची भाषा बदलून द्यायचो. मग तक्रारी आल्या. फोनवरच्या मराठीत असे काही शब्द भेटतात जे गावात कोणाच्या तोंडी नाहीत, आणि घरातल्या नातवाला मराठी सेटिंगमध्ये काही सापडेना. आता मी दोन्ही दाखवतो आणि ज्याचं त्याला ठरवू देतो. माईकचं चिन्ह मात्र सगळ्यांना शिकवतो. कळफलकावरच्या त्या छोट्या माईकवर टिचकी मारून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. ज्या बाईने शाळा सोडल्यापासून एक ओळ लिहिली नाही, तिने ‘मी एसटीत बसले, आठपर्यंत येते’ असा निरोप भावाला पाठवला. आमच्याकडची ग्रामीण बोलीही तो बऱ्यापैकी पकडतो. मधेच काहीतरी भलतंच लिहितो, मग वर्गात हसण्याचा कार्यक्रम होतो. होऊ द्यावा.

एक सफाईचा तासही ठेवा. निम्म्या तक्रारी ‘फोन हँग होतो’ या असतात, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा शुभ सकाळच्या फुलांमध्ये सापडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो-व्हिडिओ आपोआप उतरायचं थांबवलं आणि जुने पुसले की फोन मोकळा होतो. पुसण्याआधी नातवंडांचे फोटो वेगळे ठेवायला विसरू नका. आमच्याकडून एकदा एका बाईंच्या मुलीच्या हळदीचे फोटो गेले. फोन बाईंनी स्वतःच्या हाताने वापरला होता, पण पुसायला आम्ही सांगितलं होतं. नियम पाळूनही चूक आमचीच.

यापुढे अ‍ॅपची नावं शिकवत बसू नका, कामं शिकवा. कोणती, ते तुमच्या वहीत आहेच. शेतकऱ्याला सातबारा लागतो. नुसता बघायला महाभूलेखवर फुकट, डिजिटल स्वाक्षरीचा पंधरा रुपयांत. ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीही शेतकऱ्याने स्वतः करायची आहे, आणि ती शेतात उभं राहूनच होते, वाचनालयात बसून नाही. म्हणून आमचा तो तास बांधावर झाला, चप्पल चिखलात, एका हाताने सोयाबीनची फांदी बाजूला धरून फोटो. विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज, त्यासाठी कागदाचा नीट फोटो आणि दिलेल्या मापात बसणारी फाईल. कागदाचा फोटो काढणं ही स्वतंत्र कला आहे हे अर्ज परत आल्याशिवाय पटत नाही. कागद जमिनीवर उजेडात, फोन वरून सरळ, स्वतःची सावली बाजूला, चारही कोपरे चौकटीत. पिको-फॉल करणारीला गिऱ्हाईकाला ब्लाउजचे नमुने पाठवायचे असतात. प्रत्येकाला त्याचं एक काम पूर्ण करून घरी पाठवा. पुढच्या वेळी तो दुसरं काम स्वतःच घेऊन येतो.

पैशांचा धडा घाईने घेऊ नका आणि टाळूही नका. एक रुपया एकमेकींना पाठवायचा सराव करा. पाठवताना पिन लागतो, येताना लागत नाही. हे वाक्य दहा वेळा म्हणून घ्या, कारण ‘तुमचे पैसे आलेत, पिन टाका’ ही जुनी थाप अजूनही चालते. टच फोन नसलेल्यांसाठी मार्च 2022 पासून यूपीआय 123पे आहे, साध्या फोनवरून फोन लावूनही पैसे देता येतात. तेही एकदा दाखवा.

फसवणुकीवर व्याख्यान देऊन उपयोग होत नाही, असं माझं ठाम मत झालंय. सगळे मान डोलावतात आणि आठवड्याने कोणीतरी फसतं. आम्ही नाटक करतो. एक मुलगी बाहेर ओट्यावर जाते आणि आतल्या एकीला फोन लावते: ‘‘बँकेतून बोलतेय, तुमचं खातं आज बंद होणार.’’ आवाज चढवते, घाई करते, ‘साहेब लाईनवर आहेत’ म्हणते. बाकीच्या जणी ऐकतात. खोटं आहे हे ठाऊक असूनही समोरचीला घाम फुटतो. एकीने तर नाटकात खरा पिन सांगायला सुरुवात केली, आणि आम्हालाच ओरडून थांबवावं लागलं. त्यानंतर ती कधी फसेल असं मला वाटत नाही. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही, व्हिडिओ कॉलवर कोणी पोलीस कोणाला अटक करत नाही, हेही असं नाटकातूनच डोक्यात बसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, वाहनाचं चलान किंवा योजनेची यादी म्हणून आलेली फाईल ‘एपीके’ने संपत असेल तर ती पत्रिका नसते, फोनमध्ये शिरणारं अ‍ॅप असतं. ही तीन अक्षरं आम्ही फळ्यावर लिहून ठेवलीत.

फसल्यावर काय करायचं, हे आधी शिकवायचं. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर वाचनालयात, डेअरीत, गिरणीत मोठ्या आकड्यांत लावा. लगेच फोन केला तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. फोन करताना खातं कोणत्या बँकेचं, किती रक्कम, किती वाजता आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक जवळ ठेवायचा. फसलेला माणूस सगळ्यात आधी लपवतो. सून काय म्हणेल, मुलगा ओरडेल. तुमच्याकडे कोणी असं सांगत आलं तर ‘असं कसं केलंत’ हे वाक्य गिळा आणि आधी फोन लावून द्या. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर बघता येतं आणि हरवलेला फोन तिथूनच बंद करता येतो, हेही त्याच तासात दाखवता येईल.

ज्याच्यावर गाव विश्वास टाकतं त्याने काही पथ्यं पाळायची असतात. पिन टाकताना मदतनीसाने मान फिरवायची. दुसऱ्याचं आधारकार्ड आपल्या फोनमध्ये ठेवायचं नाही, पाठवायला घेतलं असेल तर त्याच्यासमोर पुसायचं. पासवर्ड लिहून ठेवायचा झाला तर ज्याचा त्याने, ज्याच्या त्याच्या घरच्या वहीत. कोणाच्या फोनवर काय मेसेज दिसला ते दाराबाहेर न्यायचं नाही. एका गावात अशाच एका गोष्टीवरून नवरा-बायकोत भांडण झालं आणि सुरळीत चाललेला वर्ग बंद पडला.

बायकांच्या बाबतीत हा मुद्दा जास्तच नाजूक. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 57 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं, बायकांमध्ये हे प्रमाण 33 टक्के होतं. हा फरक बुद्धीचा नाही. घरात एकच चांगला फोन असतो आणि तो घराबाहेर पडणाऱ्याच्या खिशात असतो. वर सुनेच्या हातात फोन दिसला की ‘कोणाशी बोलतेय’ हा प्रश्न असतोच. आम्ही सासवांनाच आधी बोलावलं. सासूला यूट्यूबवर कीर्तन लावता आलं, माहेरच्या भाच्याला व्हिडिओ कॉल करता आला, आणि सुनेची वाट आपोआप मोकळी झाली. उमेद अभियानाच्या बचत गटांतल्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई यात फार उपयोगी पडतात. त्यांना प्रत्येक घरातलं राजकारण तोंडपाठ असतं.

सरकारी प्रशिक्षण झालेल्यांना वगळू नका. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान 2017 मध्ये सुरू झालं, कोट्यवधी लोकांची नोंद झाली. वीस तासांचा अभ्यासक्रम, वय 14 ते 60, एका कुटुंबातून एक जण. हिशेब मांडून बघा. घरातून एकच जायचा म्हटल्यावर कॉलेजातला मुलगा गेला, ज्याला आधीच येत होतं. साठीच्या पुढचे तर दारातच अडले. तुमचा वर्ग नेमका या राहिलेल्यांसाठी असू द्या, आणि त्या प्रमाणपत्रवाल्या मुलाला मदतनीस करा. हात मागे बांधायच्या अटीवर.

सेवा केंद्रवाल्याला वाटतं, तुम्ही त्याचं गिऱ्हाईक तोडताय. आधीच जाऊन बोला. सोपी कामं लोक स्वतः करायला लागले की त्याची रांग कमी होते आणि अवघड कामांना त्याला वेळ मिळतो. केंद्रात दरफलक लावलेला असावा आणि दिलेल्या पैशांची पावती मिळावी, एवढा आग्रह मात्र धरा. काही लोक कधीच फोन वापरणार नाहीत. दृष्टी गेलेली, हात थरथरणारी, किंवा सरळ ‘मला नको’ म्हणणारी. त्यांचा तो हक्क आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळण्याचा हक्क सगळ्यांना दिलाय, त्यात स्मार्टफोनची अट नाही. अशांची यादी वेगळी ठेवा. त्यांच्यासोबत कार्यालयात जायला माणूस द्या आणि कागदावरचा अर्ज घ्यायला लावा.

फोन शिकवता शिकवता फोन बाजूला ठेवायचं बोलणंही निघतंच. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे 2022 मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद होऊ लागले. आमच्या वर्गात हे सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, ‘‘आधी चालू करायला तर शिकवा, मग बंद करू.’’

नोव्हेंबरात पेन्शनरांचा दिवस ठेवा. हयातीचा दाखला दरवर्षी त्या महिन्यात द्यावा लागतो (ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो), आणि जीवन प्रमाणवर तो आता चेहरा दाखवून घरबसल्या निघतो. त्यासाठी आधारचं चेहरा ओळखणारं अ‍ॅपही फोनमध्ये घ्यावं लागतं. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी आले. फोन धरला, डोळे मिचकावले, पुन्हा मिचकावले. चेहरा काही घेईना. चष्मा काढला, टोपी काढली. मदतनीस मुलीचे हात मागे होते, पण ओठ चावत होती. चौथ्या वेळी गुरुजींनी स्वतःच मान वर केली, खिडकी पाठीमागे आहे हे पाहिलं आणि खुर्ची फिरवून दाराकडे तोंड केलं. टिंग वाजलं. ते उठले नाहीत. मागच्याची खुर्चीही त्यांनी ओढून दाराकडे फिरवली आणि म्हणाले, ‘‘बसा. उजेडाकडे बघा. आणि फोन तुमच्याच हातात धरा, माझ्याकडे देऊ नका.’’